दर्याचे दोन पाणी आणि मासळीचा बाजार
किनाऱ्याच्या उथळ पाण्याचा खोल समुद्राशी व्यवहार कसा चालतो?

ऑगस्ट महिन्यात मासेमारी पुन्हा सुरू झाली की रत्नागिरीचा मिरकरवाडा, दापोलीजवळचे हर्णै, मुंबईचा ससून डॉक या बंदरांवर लिलावाची बोली पुन्हा ऐकू येऊ लागते. पावसाळ्यात बांधून ठेवलेली बोट, इंजिनची दुरुस्ती, नवे जाळे, बर्फ, डिझेल आणि खलाशांना दिलेली उचल यांत मालकाचा पैसा अगोदरच गुंतलेला असतो. त्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांवर साऱ्या घराचे लक्ष असते. परंतु दर्याचा हिशेब सरळ नसतो. एखाद्या वर्षी पहिल्या पंधरवड्यात किनाऱ्याजवळच इतकी मासळी लागते की भाव कोसळतो आणि माल कवडीमोलाने द्यावा लागतो. पुढच्याच महिन्यात तीच बोट चार-पाच दिवस फिरून डिझेलचा खर्चही न काढता परत येते.

अशा वेळी बंदरावर दोन शब्द हमखास ऐकू येतात. एक 'नशीब' आणि दुसरा 'दर्या आटला'. नशिबाचा भाग कोणत्याही धंद्यात असतोच. जास्त मासेमारीमुळे मासळी घटते, हेही खरे आहे. पण या दोहोंशिवाय तिसरे एक कारण आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. ते म्हणजे किनाऱ्याच्या उथळ पाण्याचा आणि बाहेरच्या खोल समुद्राच्या पाण्याचा आपसातील व्यवहार. कोणते पाणी केव्हा आत येते, केव्हा बाहेर जाते आणि येताना सोबत काय आणते, यावर आपल्या मासळीच्या हंगामाचा मोठा भाग अवलंबून आहे. ज्याचा पैसा दर्यात गुंतलेला आहे, त्याने हा व्यवहार समजून घेणे अगत्याचे आहे.

पाण्याखालची जमीन

समुद्र किनाऱ्यापासूनच एकदम खोल होत जातो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. जमीन किनाऱ्यावर संपत नाही. ती पाण्याखाली हळूहळू उतरत पुष्कळ दूर जाते. या बुडालेल्या जमिनीला भूगोलात भूखंडमंच म्हणतात. तेथे पाणी उथळ असते. साधारणपणे शंभर ते दोनशे मीटर खोली आली की हा मंच संपतो आणि पुढे तीव्र उतार लागतो. उताराखाली दोन-तीन हजार मीटर खोलीचा समुद्र असतो. मच्छीमार ज्याला 'खोल दर्या' म्हणतात, त्याची खरी सुरुवात या कडेपासून होते.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर हा मंच सगळीकडे सारख्या रुंदीचा नाही. केरळपुढे तो पन्नास-साठ किलोमीटरच्या आसपास आहे. उत्तरेकडे येऊ लागावे तसा तो रुंद होत जातो आणि मुंबई ते खंभातच्या आखातापुढे तो सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरला आहे. १९७४ मध्ये तेल सापडलेले 'बॉम्बे हाय' मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर आहे. तरीही तेथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटरच भरते, यावरून या मंचाच्या विस्ताराची कल्पना यावी. केरळच्या बोटीला जी कड काही तासांत गाठता येते, ती मुंबईच्या बोटीला फार दूर पडते. हा फरक पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

जगातील समुद्रांच्या एकूण क्षेत्रफळात अशा उथळ समुद्राचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. परंतु जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीचा फार मोठा हिस्सा याच पट्ट्यातून येतो. याचे कारण सोपे आहे. समुद्रातील सूक्ष्म वनस्पती हे माशांच्या अन्नसाखळीचे मूळ आहे. शेतातील पिकाप्रमाणेच या वनस्पतींना ऊन आणि खत दोन्ही लागतात. ऊन फक्त वरच्या थरात मिळते. खत मात्र खाली असते. मेलेले जीव आणि त्यांची विष्ठा खाली जाऊन कुजते, आणि त्यातून सुटणारे नत्र व स्फुरद खोल पाण्यात साठत राहतात. खोल समुद्रात ऊन एकीकडे आणि खत दुसरीकडे, अशी अवस्था असते. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात मात्र या दोहोंची गाठ पडू शकते. अट एवढीच की खालचे पाणी कड ओलांडून मंचावर चढले पाहिजे.

कड ओलांडणे सोपे का नाही?

दोन्ही पाणी एकमेकांना लागूनच आहे. मग ते आपोआप मिसळत का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे उत्तर पृथ्वीच्या फिरण्यात आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारे पाणी सतत उजवीकडे वळू पाहते. या वळणामुळे समुद्रातील मोठे प्रवाह कडेला आडवे छेदून जात नाहीत. ते एकाच खोलीची रेषा धरून कडेला समांतर वाहत राहतात. घाटातील रस्ता सरळ डोंगर न चढता एकाच उंचीवरून वळसे घेत जातो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून किनाऱ्याचे प्रवाह मुख्यतः उत्तर-दक्षिण वाहतात. किनाऱ्याकडून खोल समुद्राकडे किंवा तिकडून इकडे होणारी वाहतूक त्या मानाने फार थोडी असते.

भूखंडमंचाची कड म्हणजे एक न दिसणारा उंबरठा आहे, असे समजण्यास हरकत नाही. तो ओलांडण्यासाठी पाण्याला काही तरी निमित्त लागते. वारा हे त्यांतील सर्वांत मोठे निमित्त. त्याशिवाय मोठे भोवरे, समुद्रतळावरील दऱ्या, तळाशी घासत जाणारा पाण्याचा पातळ थर, पाण्याच्या आतल्या आत उठणाऱ्या लाटा आणि खारटपणामुळे जड झालेल्या पाण्याचे घसरणे, ही आणखी काही कारणे आहेत.

वारा दार उघडतो

नॉर्वेचा संशोधक नान्सेन १८९३ ते १८९६ या काळात 'फ्राम' नावाच्या जहाजातून उत्तर ध्रुवाकडील गोठलेल्या समुद्रात होता. वाऱ्याने वाहणारा बर्फ वाऱ्याच्या सरळ दिशेने न जाता थोडा उजवीकडे सरकतो, असे त्याच्या ध्यानात आले. स्वीडनच्या एकमन या शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये त्याचे गणित मांडले. वाऱ्याने ढकललेल्या वरच्या थराचा हिशेब एकत्र केला, तर उत्तर गोलार्धात ते पाणी वाऱ्याच्या दिशेशी काटकोन करून उजवीकडे सरकते, असे त्याने दाखवून दिले.

आता हे गणित आपल्या किनाऱ्याला लावून पाहू. पावसाळ्यातील वारा आपल्याकडे पश्चिमेकडून येतो खरा, परंतु किनाऱ्याजवळ त्याचा काही भाग किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले असता उजवा हात पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे येतो. याचा अर्थ किनाऱ्याचे वरचे पाणी बाहेर, खोल समुद्राकडे ढकलले जाते. बाहेर गेलेल्या पाण्याची जागा रिकामी राहू शकत नाही. ती भरून काढण्यासाठी कडेखालचे थंड पाणी तळाशी सरकत मंचावर चढते. या क्रियेला शास्त्रज्ञ 'अपवेलिंग' म्हणतात. आपण त्याला तळच्या पाण्याचे वर येणे म्हणू.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हे काम केवळ आपल्या किनाऱ्यावरील वारा करीत नाही. बंगालच्या उपसागरात आणि श्रीलंकेच्या टोकाशी वाऱ्यामुळे पाण्यात जे चढउतार होतात, ते लाटेच्या रूपाने किनाऱ्याला धरून उत्तरेकडे सरकत येतात. या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत, कारण त्यांची लांबी शेकडो किलोमीटर असते. त्यांच्यामुळे केरळपुढचे खालचे थंड पाणी पाऊस सुरू होण्यापूर्वीच वर सरकू लागते. नंतर ही क्रिया हळूहळू उत्तरेकडे पसरत कर्नाटक, गोवा आणि दक्षिण कोकणापर्यंत पोहोचते.

मोसमी वाऱ्यांना 'मोसमी' हे नाव ज्या अरबी शब्दावरून पडले, त्याचा अर्थच ठरावीक काळ किंवा हंगाम असा आहे. जुने अरबी नाविक या वाऱ्यांच्या वेळापत्रकावर आपला व्यापार चालवीत, आणि ऐन पावसाळ्यात भारताची पश्चिम बंदरे बंद असतात हे त्यांना पक्के ठाऊक होते. वरचा वारा जहाजांचे वेळापत्रक ठरवीत होता. त्याच वेळी खालच्या पाण्याचे वेळापत्रकही तोच ठरवीत होता, हे अलीकडच्या संशोधनाने समजले.

खताबरोबर तोटाही येतो

तळचे पाणी वर आले की त्याच्यासोबत खत येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, पाणी हिरवट दिसू लागते आणि वनस्पती खाणारे जीव वाढतात. त्यांच्यामागे तारली आणि बांगडा यांचे थवे येतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील या दोन माशांची बरकत मुख्यतः या पावसाळी व्यवहारामुळे आहे. दक्षिणेत त्याचा जोर अधिक असल्यामुळे तारलीचे माहेर केरळ आणि कर्नाटकाचा किनारा समजले जाते.

परंतु अरबी समुद्राच्या बाबतीत एक मोठी अडचण आहे. या समुद्रात सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या आसपासपर्यंत पाण्याचा जो जाड थर आहे, त्यात प्राणवायू अत्यंत कमी आहे. वरून पडणारा कुजका माल भरपूर, आणि उत्तरेला जमीन असल्यामुळे ताज्या पाण्याचा पुरवठा तुटपुंजा, अशा दुहेरी कारणाने हा थर तयार झाला आहे. जगातील समुद्रांत प्राणवायूचा असा तुटवडा असलेले जे मोठे प्रदेश आहेत, त्यांत अरबी समुद्राची गणना होते. म्हणजे कड ओलांडून जे पाणी मंचावर चढते, ते खताने श्रीमंत परंतु प्राणवायूने गरीब असते.

त्यात पावसाची भर पडते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस असंख्य नद्या आणि खाड्यांमधून समुद्रात येतो. गोडे पाणी हलके असल्यामुळे ते वर पातळ थर करून पसरते. गोव्यापुढे हा थर पाच-दहा मीटर इतकाच असतो, पण तो झाकणासारखे काम करतो. त्याच्याखाली थंड पाणी अडकून पडते. हवेतील प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वर वाढलेल्या वनस्पती मरून खाली पडतात आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत काही भागांत तळाच्या पाण्यातील प्राणवायू पूर्णपणे संपतो, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होऊ लागतो.

गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ मध्ये झाली. या संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून ठरावीक जागी नियमित पाण्याचे नमुने घेत आले आहेत. संस्थेचे एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पश्चिम किनाऱ्याच्या मंचावर दरवर्षी तयार होणारे प्राणवायूहीन पाणी हे जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या क्षेत्रांपैकी एक आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मूळ क्रिया नैसर्गिक आहे. परंतु जमिनीवरून वाहून येणारे खत तिच्यात भर घालू शकते, असा त्यांचा इशारा होता.

ऑक्टोबरनंतर वारा पडतो आणि चित्र उलटते. किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहत होता, तो आता उत्तरेकडे वाहू लागतो. वरचे उबदार पाणी किनाऱ्याशी गोळा होते, खालचे थंड पाणी मागे सरकत कडेपलीकडे जाते आणि डिसेंबरपर्यंत मंचावरील पाणी पुन्हा ताजे होते. दर्याचे दार असे वर्षातून एकदा उघडते आणि एकदा लागते.

मग मासा जातो कोठे?

प्राणवायू संपत चाललेल्या पाण्यात मासा थांबत नाही. तळाशी राहणारी मासळी आणि कोळंबी दोन दिशांना पळते. काही भाग खोल पाण्याकडे सरकतो आणि काही भाग किनाऱ्याच्या अगदी उथळ पाण्यात दाटी करतो. वर फिरणारे मासेही खालचा थर टाळून पृष्ठभागाजवळच्या पातळ थरात गोळा होतात. ज्यांना पळता येत नाही, अशा तळाच्या जीवांचा नाश होतो.

ही गोष्ट आजची नाही. कार्ल बान्झे या शास्त्रज्ञाने कोचीसमोर काम करताना १९५९ मध्येच लिहून ठेवले होते की, तळचे कमी प्राणवायूचे पाणी मंचावर चढले की तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्याला मासळी लागेनाशी होते. मासळी संपलेली नसते. तिने फक्त जागा सोडलेली असते.

व्यापाराच्या दृष्टीने यातून एक फार महत्त्वाचा धडा मिळतो. किनाऱ्याजवळ अचानक लागलेली भरघोस मासळी म्हणजे दर्यात मासळी भरपूर आहे असे नव्हे. कित्येकदा ती पळून आलेली आणि कोंडलेली मासळी असते. शंभर एकरांतील गुरे पूर आल्यावर पाच एकरांच्या उंचवट्यावर गोळा झाली, तर कळप वाढला असे कोणी म्हणणार नाही. पण दर्यावर आपण नेमकी हीच चूक करतो. अशा वेळी मोठी बोट कोंडलेला थवाच्या थवा उचलते, बंदरावर भाव पडतो, उरलेला माल फिश मीलच्या कारखान्याला मातीमोलाने जातो आणि पुढच्या हंगामाचे बी आजच संपते. त्या एका आठवड्याच्या भरवशावर नवीन कर्ज काढणारा मालक पुढे अडचणीत येतो.

तारलीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार केरळात २०१२ मध्ये तारलीची पकड सुमारे ४ लाख टन होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. २०२३ मध्ये ती पुन्हा १ लाख टनांच्या वर गेली. मासेमारीचा अतिरेक हे या घसरणीचे एक कारण आहे. परंतु तारलीचे नशीब पावसाळ्यात वर येणाऱ्या पाण्याशी बांधलेले असल्यामुळे वारा, पाऊस आणि पाण्याचे तापमान यांतील बदलही तिला फार लवकर जाणवतात. दर्यातील परिस्थिती प्रतिकूल असताना बोटींनी हात आखडता घेतला नाही, तर दोन्ही मार एकाच वेळी बसतात.

मुंबईकडचा दर्या निराळा

येथवर जे सांगितले ते मुख्यतः केरळपासून दक्षिण कोकणापर्यंतच्या किनाऱ्याला लागू पडते. मुंबईच्या उत्तरेला चित्र बदलते. तेथे मंच इतका रुंद आहे की त्याची कड तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर राहते, आणि तळचे पाणी वर येण्याचा जोरही कमी होतो. या पट्ट्यात भरती-ओहोटी प्रबळ आहे. रुंद आणि उथळ मंचावर चढताना भरतीची लाट फुगत जाते. गोव्यात भरती आणि ओहोटी यांत दोन मीटरच्या आसपास फरक असतो. मुंबईत उधाणाच्या दिवशी तो चार ते पाच मीटर होतो आणि निमुळत्या खंभातच्या आखातात, भावनगरजवळ, दहा मीटरच्या घरात जातो.

या जोरदार भरतीवरच आपल्याकडची डोल मासेमारी उभी आहे. डोल हे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे पिशवीसारखे जाळे असते. ते दर्याच्या तळाशी खुंटाला बांधून ठेवतात. जाळे माशामागे धावत नाही, पाणीच मासा आणून जाळ्यात घालते. म्हणून उधाणाला डोल भरते आणि भांगाला पाण्याचा जोर कमी झाला की रिकामी राहते. वसई, सातपाटी, वर्सोवा येथील बोंबील आणि जवळा यांचा धंदा या हिशेबावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बोंबलाची मुख्य पैदास उत्तर महाराष्ट्र आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर होते. रुंद मंच, गाळाचा तळ आणि जोरदार भरती ही या पट्ट्याची खासियत आहे.

परंतु भरती-ओहोटीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ओहोटीबरोबर शहरातील घाण 'समुद्रात निघून जाते', असे आपण सहज म्हणतो. ओहोटी पाण्याला साधारण दहा-पंधरा किलोमीटर बाहेर नेते हे खरे. पण सहा तासांनी भरती तेच पाणी बहुतांशी परत आणते. खोल समुद्राची कड मात्र तीनशे किलोमीटरवर आहे. पाणी दिवसभर झोपाळ्यासारखे मागेपुढे होते. त्याचा निव्वळ प्रवास फार थोडा होतो, आणि तोही मुख्यतः किनाऱ्याला समांतर. वरळी आणि वांद्रे येथून सांडपाणी समुद्रात सोडणारे बोगदे तीन ते चार किलोमीटर लांब आहेत. तेथे पाणी खवळते, घाण विरळ होते, हा फायदा आहेच. पण विरळ होणे वेगळे आणि निघून जाणे वेगळे. जे आपण उथळ पाण्यात टाकतो, ते पुष्कळ काळ उथळ पाण्यातच राहते. खाडीच्या तोंडाशी डोल लावणाऱ्या मच्छीमाराच्या जाळ्यात मासळीऐवजी प्लास्टिक येते, त्याचे एक कारण हेही आहे.

आखाताचे पाणी

कोकणातील असंख्य घरांचा चरितार्थ आखाती देशांतील नोकरीवर चालतो. तेथील समुद्र हा या विषयाचा आणखी एक उत्तम नमुना आहे. इराण आणि अरबस्तान यांमधील आखात सरासरी अवघे ३५ मीटर खोल आहे. म्हणजे ते संपूर्णच उथळ मंचावरील समुद्र आहे. तेथे पाऊस नाममात्र आणि ऊन प्रखर, त्यामुळे पाण्याची वाफ होऊन उरलेले पाणी अधिकाधिक खारट आणि जड होते. हे जड पाणी तळाशी बसते आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतून तळाकडून घसरत ओमानच्या आखातात उतरते. त्याची जागा घेण्यासाठी अरबी समुद्राचे कमी खारट पाणी वरून आत जाते. एकाच दारातून वरचे पाणी आत आणि खालचे बाहेर, असा हा दुहेरी व्यवहार आहे. येथे वाऱ्याऐवजी मीठ दार उघडते.

बाहेर आलेले हे पाणी साधारण दोनशे ते साडेतीनशे मीटर खोलीवर अरबी समुद्रात पसरते. ते थेट रत्नागिरीच्या बंदरात येते असे नव्हे. परंतु अरबी समुद्राच्या मधल्या थराला जो थोडाफार प्राणवायू मिळतो, तो मिळण्याच्या मार्गांपैकी हा एक आहे. ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने ओमानच्या सुलतान काबूस विद्यापीठाच्या सहकार्याने ओमानच्या आखातात पाण्याखाली फिरणारी स्वयंचलित यंत्रे सोडली होती. तेथील प्राणवायू पूर्वीच्या नोंदींपेक्षा पुष्कळ घटला असल्याचे त्यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. संगणकावर केलेल्या अभ्यासांवरून असे दिसते की, आखाताचे पाणी तापले की ते हलके होते, खाली उतरण्याची त्याची ताकद कमी होते आणि मधल्या थराला मिळणारा प्राणवायूही कमी होतो. हा मधला थरच आपल्या मंचावर चढणाऱ्या पाण्याचा साठा आहे. एका उथळ समुद्रातील बदल खोल समुद्रातून फिरून दुसऱ्या किनाऱ्यावर असा पोहोचू शकतो.

धंदेवाल्यांनी काय ध्यानात घ्यावे?

वारा आणि प्रवाह आपल्या हाती नाहीत. परंतु त्यांचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले आहे आणि त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे. त्या दृष्टीने काही सूचना :

१) पावसाळी बंदीकडे केवळ सरकारी अडवणूक म्हणून पाहू नये. ती खलाशांच्या जिवासाठी आणि अंडी घालणाऱ्या मासळीसाठी आहे. शिवाय त्याच महिन्यांत तळचे पाणी वर येऊन पुढच्या हंगामाचे खत पेरले जात असते. बंदी मोडून कोंडलेली मासळी उचलणारा आपल्याच भांडवलाला हात घालतो.

२) कर्जाचे हप्ते आणि मालाचे करार ठरवताना ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्यांवर सारा हिशेब मांडू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाची मासळी कमी लागण्याचा संभव दक्षिण कोकणात असतोच. या दोन महिन्यांची तरतूद अगोदर करून ठेवावी. बर्फ आणि शीतगृहाची सोय चार-पाच जणांनी मिळून केली, तर भाव पडल्यावर माल फेकून द्यावा लागणार नाही.

३) हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांच्या मदतीने पाण्याचे तापमान आणि हिरवेपणा पाहून मासळी मिळण्याची संभाव्य ठिकाणे कळवते. किनाऱ्यापासूनची दिशा, अंतर आणि खोली त्यात दिलेली असते. ही माहिती मराठीतही मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. मात्र उपग्रह फक्त वरचे पाणी पाहतो, आणि ढगाळ दिवसांत तेही नीट दिसत नाही. गोड्या पाण्याच्या झाकणाखाली काय चालले आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून तांडेलच्या अनुभवाची जोड आवश्यकच आहे.

४) प्रत्येक बोटीने एक वही ठेवावी. तारीख, जागा, खोली, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग आणि मिळालेली मासळी एवढी नोंद पुरे. साधा थर्मामीटर बाळगून जाळ्याबरोबर वर आलेल्या तळच्या पाण्याची थंडी पाहता आली तर अधिक चांगले. आठवड्याभरात तळ एकदम थंड झाला, तर खोल दर्याचे पाणी चढले असा अंदाज बांधता येतो. पाच वर्षांची अशी वही तरुण मुलांना वडिलांच्या अनुभवाइतकीच उपयोगी पडेल.

५) गावातील नाला, बाजारातील कचरा, कारखान्याचे पाणी 'दर्या पोटात घेईल' या भरवशावर सोडू नये. वर सांगितल्याप्रमाणे ते उंबरठा ओलांडून सहजासहजी जात नाही. मच्छीमार सोसायट्यांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन ग्रामपंचायत व नगरपालिकेकडे याचा पाठपुरावा केला पाहिजे. हा प्रश्न स्वच्छतेइतकाच रोजीरोटीचाही आहे.

शेतकरी पेरणीपूर्वी पाऊस आणि जमीन पाहतो. कापडाचा व्यापारी सणाचे दिवस पाहून माल भरतो. मासळीच्या धंद्यात मात्र आपण बोट पाहतो, इंजिन पाहतो, जाळे पाहतो, पण ज्या पाण्यावर हे सारे चालते त्याचा विचार करीत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिली फेरी भरून आली तर तिचा आनंद जरूर मानावा. पण नवीन कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे की, ही मासळी वाढलेली आहे की पळून आलेली आहे? याचे उत्तर दर्या दोन महिन्यांत देतो. तोपर्यंत हात राखून राहणे केव्हाही फायद्याचे.